मावशींची खोली आणि आमच्या चकरा

भिंगारात आम्ही पाच जण मिळून एक काम करायचो. त्या कामाला नाव नव्हतं, कारण नावावर आमचं कधी एकमत झालं नाही. पाचांत एक निवृत्त सुभेदार, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक नर्सबाई, एक किराणा दुकानदार आणि लष्कराच्या एका कचेरीत सिव्हिलियन कारकून असलेली मी. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं ती. दर रविवारी सकाळी सुभेदारांच्या ओसरीवर जमायचं आणि ज्यांना वर्षानुवर्षं घर नाही, अशा एखाद्या माणसाला छप्पर कसं मिळवून देता येईल यावर भांडायचं, असा आमचा शिरस्ता होता.

सुरुवातीला सुभेदारांनी एक वही केली आणि तिच्यात नियम लिहिले. माणूस निर्व्यसनी हवा. त्यानं आधी महिनाभर चांगली वागणूक दाखवावी. दोन प्रतिष्ठितांची शिफारस आणावी. मग खोली. सहा महिने झाले तरी त्या नियमांत बसणारं एकही माणूस सापडेना. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, "हेच नियम आपल्याला लावले, तर इथल्या दोघांना आजच घर सोडावं लागेल." सुभेदार छपराकडे बघायला लागले आणि मुख्याध्यापकांनी तंबाखूची डबी हळूच खिशात सरकवली. त्या दिवसापासून वही फक्त हजेरीपुरती उरली.

मग आम्ही साधी रीत धरली. माणसालाच विचारायचं, बाबा, तुझं कुठं अडलंय? आणि जिथं अडलंय तेवढंच सोडवायचं. एक गृहस्थ नगरात पुलाखाली सात वर्षं राहत होते. त्यांचा कोल्हारचा भाऊ त्यांना न्यायला तयार होता, पण भावजय म्हणत होती, झोपवायचं कुठं? आम्ही टेम्पोत पत्रे आणि चार खांब टाकले आणि भावाच्या घरामागे एक पडवी उभी करून दिली. दिवस मावळायच्या आत भावजयीनं तिथं खाट टाकली. श्रीगोंद्याच्या एकाला कारखान्याच्या हंगामात खोली असायची. हंगाम संपला की भाडं थकायचं आणि तो परत रस्त्यावर यायचा. त्याचं मधल्या महिन्यांचं भाडं आम्ही भरलं आणि खोली टिकली. अशी दोन-तीन कामं हातावेगळी झाल्यावर आमच्या अंगात वारं शिरलं. माझ्या तर जास्तच. मुळात मला दुसऱ्याचं नीट करून द्यायची खोड आहे. लोकांच्या घरी गेले तरी मी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करते.

त्या भरात आमच्याकडे मावशी आल्या. आल्या म्हणजे नर्सबाईंनी आणल्या. मावशी मूळच्या पूर्वेकडच्या, पाथर्डीच्याही पलीकडच्या. नवऱ्याला दवाखान्यात घेऊन नगरला आल्या, नवरा दवाखान्यातच गेला, आणि गावाकडे दिरानं दार उघडलं नाही. मग त्या नगरच्या एका एस.टी. स्टँडवर राहिल्या. अकरा वर्षं. चौकशीच्या खिडकीजवळचा खांब त्यांचा. कँटीनची भांडी घासायच्या, तिथंच जेवायच्या, आणि कोणती गाडी कधी लागते हे खिडकीतल्या माणसापेक्षा चांगलं सांगायच्या. आदल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नर्सबाईंना स्पष्टच सांगितलं होतं, ही बाई अजून एक हिवाळा फरशीवर झोपली तर राहणार नाही.

म्हणजे दिवाळीच्या आत खोली बघायची होती. आम्ही भिंगारात बारा घरं फिरलो. कुठं "कुनाच्यातल्या?" असं विचारायचे, कुठं "नवरा न्हाई, लेकरू न्हाई, मग भाडं कोन देनार?" विचारायचे. शेवटी विहाराजवळच्या गल्लीत एका बाईंनी आपल्या घरामागची खोली दाखवली. त्यांचे सासरे छावणीत कामाला होते, त्यांनी बांधलेल्या तीन खोल्यांतली ही शेवटची. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "बिडी वढती का?" आम्ही नाही म्हणालो. "मग आना," त्या म्हणाल्या. "पर येक सांगते. रिकामी खोली मी कुलपात ठिवत नसते."

आम्ही मावशींना मोठ्या थाटात खोलीत आणलं. मुख्याध्यापकांनी चार शब्द सांगितले आणि ते चाळीस मिनिटं चालले. नर्सबाईंनी गोधड्या आणल्या, सुभेदारांनी खाट, मी स्टोव्ह, एक पातेलं आणि सहा कपबश्या. सहा का, तर दुकानात सहाचाच संच मिळतो. दुकानदारांनी आपल्या दुकानात धान्य निवडायचं काम दिलं. मावशी हात जोडून एवढंच म्हणाल्या, "लई केलं तुमी." आणि लगेच स्टोव्ह पेटवून त्यांनी आम्हा पाचांसाठी चहा ठेवला. आम्हाला कोण कौतुक वाटलं. परतताना सुभेदार म्हणाले, "बघा, अकरा वर्षांनंतरसुद्धा बाईचा हात विसरलेला नाही."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या चकरा सुरू झाल्या. ठरवून नाही, प्रत्येक जण आपलं सहज डोकवायचा. सुभेदार सकाळी फिरायला निघायचे, ते बरोबर त्या गल्लीतून. नर्सबाई छाती तपासायला. मुख्याध्यापक त्यांना सही शिकवायला. मी कचेरी सुटल्यावर, वाटेतच आहे म्हणून. खरं तर माझं घर दुसऱ्या टोकाला होतं. शिवाय कुणाकडे पाहुणा आला की त्याला आम्ही आमचं काम दाखवायला न्यायचो. मुख्याध्यापकांचे पुण्याचे व्याही आले, तेही गेले. माझी नणंद आली, तिलाही नेलं. मावशी प्रत्येकाला खाटेवर बसवायच्या, पदरानं कप पुसायच्या आणि आल्याचा चहा द्यायच्या. नको म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. "दारात आल्यावर असं कसं जाता?" म्हणायच्या.

रविवारी ओसरीवर आम्ही याचे अहवाल द्यायचो. सुभेदार म्हणायचे, "प्रगती उत्तम. मंगळवारी चहा दिला, बुधवारी चहा दिला, शुक्रवारी तर दोन कप." ते वहीत लिहूनसुद्धा ठेवायचे. दुकानदार म्हणाले, "परवा मावशींनी परत पाव किलो साखर नेली. दर दोन दिवसाला नेतात. संसार मांडला म्हणायचा." आम्ही सगळ्यांनी समाधानानं माना हलवल्या. पाच शिकली-सवरली, हिशेबी माणसं होतो आम्ही, आणि त्यातला एक तर स्वतः साखर विकणारा.

तीन आठवड्यांनी घरमालकीणबाई माझ्या दारात आल्या. "तुमची मावशी चार दिस झालं खोलीवर न्हाई," त्या म्हणाल्या. "कुलूप हाय दाराला. आजारी असंल तर सांगा, कुठं गेली असंल तर सांगा. महिना भरंस्तवर थांबते. मला उद्याच लेकीच्या बाळंतपनाला कोल्हारला जायचंय, म्हैन्याच्या शेवटाला येते. तवर बाई ऱ्हायला आली असंल तर ठीक, न्हाई तर दुसऱ्याला देनार. लोकं मागत्यात." त्या रागावलेल्या नव्हत्या. पण बोलल्या तसं करणाऱ्या होत्या, हे मला कळलं. कुलूप आम्हीही पाहिलं होतं, पण आम्हाला वाटलं मावशी दुकानात असतील, आणि दुकानदारांना वाटलं खोलीवर असतील.

ओसरीवर तातडीची बैठक झाली. सुभेदारांनी "पळाली" असा शब्द वापरला. मुख्याध्यापक म्हणाले, उघड्यावर राहिलेल्या माणसाला चार भिंती सोसत नाहीत. मी त्यांच्यावर ताण केली. माणसाच्या मनावर, सवयीवर, एकटेपणावर मी इतकं सुरेख बोलले की दुकानदार दोनदा "वा" म्हणाले. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, "तिला कुणी विचारलंय का?" कुणीच विचारलं नव्हतं. ज्या रीतीवर आमचं सगळं काम उभं होतं, ती रीत आम्ही दार उघडून दिल्याबरोबर बाहेर ठेवून आलो होतो.

शनिवारी कचेरी अर्धी असायची. मी दुपारी स्टँडवर गेले. मावशी खांबापाशीच होत्या, गाठोडं मांडीशी घेऊन बसलेल्या. वारा गार सुटला होता आणि त्या खोकत होत्या. तो खोकला ऐकून माझं सगळं शहाणपण गळालं. मला त्यांचा राग आला, मग माझाच आला, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली.

"मावशी, खोलीत काही कमी होतं का?"

"न्हाई बाई. खोली ब्येस हाय."

"घरमालकीण काही बोलल्या?"

"ती कशाला बोलंल? द्येवमानूस हाय."

"मग?"

"काय न्हाई. असंच."

मी त्यांना कँटीनमध्ये नेलं आणि चहा सांगितला. त्यांनी पहिला कप एका दमात संपवला. मी दुसरा मागवला. तो त्यांनी सावकाश, बशीत ओतून, डोळे मिटून घेतला. मी म्हटलं, "तुमच्या हातचा याच्यापेक्षा चांगला असतो." त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी कप खाली ठेवला.

"बाई, तुमी किती जनं हाय?"

"आम्ही? पाच."

"पाच. आन् पावनं येगळं. येका दिसाला सात कप केले मी. दूध सकाळी आनलं की दुपारी संपतंय. साखर तर इचारूच नगा. निवडायच्या कामाचं जे मिळतंय ते साखरंला न् दुधाला जातंय." त्या थांबल्या. "मला सवताला चहा घ्यून आठ दिस झालं हुते."

मी म्हटलं, "मग तुम्ही द्यायचा नाही ना मावशी. आम्ही काय चहाला येत होतो?"

"कशापायी का येईना. दारात आलं मानूस. त्याला चहा न पाजता लावून द्यू? घर हाय म्हनल्यावर चहा आलाच की." त्या खांबाकडे बघत म्हणाल्या, "हितं बरं हाय. हितं कुनी आलं तर कुनी कुनाचं पावनं न्हाई. समदीच गाडीची वाट बघत्यात."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम आलं. आमच्या वहीत जी प्रगती लिहिली जात होती, ती एका म्हातारीच्या तोंडातून काढून घेतलेली होती. दर दोन दिवसाला पाव किलो.

मी घाईघाईनं म्हटलं, "आम्ही साखर देऊ. दूध लावून देऊ." लगेच नीट करून टाकायचं, ही माझी खोड.

मावशींनी मान हलवली. "साखरंचं न्हाई बाई. येक इचारू?"

"विचारा."

"ती खोली माझी हाय का तुमची?"

"तुमची, मावशी."

"मंग माझ्या खोलीत तुमी मला न इचारता का येता?"

सुभेदार तर दार वाजवायचेसुद्धा नाहीत. "मावशी" अशी हाक मारत आतच शिरायचे. माझ्या घरी कुणी असं शिरलं असतं, तर मी त्याला उंबऱ्यावरच अडवलं असतं. मावशींच्या बाबतीत ते माझ्या मनातही आलं नव्हतं. स्टँडवर कुणीही कधीही त्यांच्यासमोर उभं राहू शकत होतं; आम्ही त्यांना खोलीत आणलं आणि तेच चालू ठेवलं. नुसतं छप्पर बदललं.

मी म्हटलं, "चुकलं आमचं. आता तुम्ही बोलावल्याशिवाय कुणी येणार नाही. मी जबाबदार. पण मावशी, घरमालकीण महिन्याच्या शेवटी येतील. तोवर तुम्ही आला नाहीत तर खोली जाईल. आणि तुमची छाती..."

"म्हाईत हाय मला माझी छाती," त्या म्हणाल्या. मग गाठोडं जरा जवळ ओढून म्हणाल्या, "बघते."

त्यांच्या "बघते"चा अर्थ मला लागला नाही. हो म्हणावं तर त्या जागच्या उठल्या नाहीत, नाही म्हणावं तर मला जा म्हणाल्या नाहीत. मी एकटीच भिंगारची गाडी पकडली.

ओसरीवर मी सगळं सांगितलं. दुकानदार म्हणाले, "मी माझ्या हातानं साखर तोलून देत होतो हो." सुभेदारांनी वहीची ती पानं फाडली. मग त्यांच्यातला फौजी जागा झाला आणि त्यांनी हुकूम सोडला की महिनाअखेरपर्यंत त्या गल्लीत आमच्यापैकी कुणी पाऊल टाकायचं नाही.

पुढचे बारा दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. एरवी खबर मिळाली असती, पण घरमालकीणबाई कोल्हारला, मावशींची खोली घराच्या मागे, आणि गल्लीतून तिचं दार दिसत नाही. मावशी दुकानात धान्य निवडायलाही आल्या नाहीत. रोज थंडी वाढत होती. सकाळी अंथरुणातून निघायला माझ्या जिवावर यायचं आणि तेव्हा हमखास स्टँडची फरशी डोळ्यांसमोर यायची. स्टँडवर जाऊन बघावं म्हटलं तर तेही बोलावल्याशिवाय जाणंच. शिवाय त्या तिथं दिसल्या असत्या तर मी काय केलं असतं?

हुकूम कुणीच पाळला नाही, पण मोडलाही नाही, असं आम्ही वागत होतो. रविवारी मुख्याध्यापकांनी कबूल केलं की ते विहाराच्या बाजूनं गेले होते, पण गल्लीत पाऊल टाकलं नाही, तोंडाशी उभे राहिले. नर्सबाई पलीकडच्या घरी लस द्यायला गेल्या होत्या. त्या घरात लस द्यायला लेकरूच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. सुभेदार म्हणाले, "मागच्या तारेवर एक हिरवं लुगडं वाळत होतं." मावशींकडे हिरवं लुगडं आहे का यावर अर्धा तास वाद झाला. माझ्या मते होतं. नर्सबाईंच्या मते ते निळं होतं. तीन आठवडे आम्ही रोज त्यांच्या खाटेवर बसून आलो होतो आणि त्या काय नेसतात हे पाच जणांत कुणालाही धड सांगता येईना.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. घरमालकीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. मावशी नसल्या तर निदान घरमालकीणबाई आल्यावर त्यांच्याशी बोलून चार दिवस मागून घेता येतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि कचेरीतून मधल्या सुट्टीत निघाले. कुणाला सांगितलं नाही. गल्लीत शिरताना मला चोरासारखं वाटत होतं. घराला वळसा घालून मागे गेले. दाराला कुलूप नव्हतं. दार लोटलेलं होतं.

मी जन्मात पहिल्यांदा त्या दारावर थाप मारली. आतून खोकल्याचा आवाज आला, पण पूर्वीपेक्षा हलका. मग पावलं वाजली. दार वीतभर उघडलं आणि मावशी दिसल्या. केस मोकळे होते, अंगावर गोधडी होती, डोळ्यांवर झोप होती. लुगडं लाल होतं. मागे स्टोव्हवर पातेलं होतं आणि त्याच्याशेजारी एकच कप. बाकीचे पाच फळीवर पालथे घातलेले होते.

"बाई, मी बोलीवलंय का तुमाला?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग?"

सहज आले म्हणायची सोय राहिली नव्हती. "बघायला आले," मी म्हटलं.

"बघितलं न्हवं आता?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दुपारची झोप मोडल्यावर कोणतीही घरातली बाई जसं बोलते तसा होता. "मला जरा पडू द्या. गुरवारी या. समद्यांना सांगा, येकाच टायमाला या. येकदाच पातेलं चढवीन, काय ते प्या आन् जावा."

आणि त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं.

मी तशीच उभी राहिले. आतून कडी घातल्याचा आवाज आला, मग खाट करकरली. मला दारातून कुणी परत पाठवलेलं अजिबात खपत नाही. माझ्या सख्ख्या भावानं एकदा तसं केलं होतं तर मी दोन वर्षं त्याच्याकडे गेले नव्हते. पण त्या दिवशी मागच्या अंगणात एकटी उभी राहून मी रडले. अकरा वर्षांत मावशींनी पहिल्यांदा कुणाला तरी बाहेर ठेवलं होतं, आणि तो मान मला मिळाला होता.